हृदयाच्या ठोक्याचा हिशेब: एका टक्केवारीची समीक्षा

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत मोटारींचे सुटे भाग बनवणारी अनेक लहान वर्कशॉपे आहेत. त्यांतल्या एखाद्यात गेलात तर मशीनजवळ अडकवलेला एक तक्ता पुष्कळदा दिसतो. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर दांड्याचा व्यास, मधोमध एक रेघ आणि तिच्या वर-खाली दोन मर्यादारेषा. कामगार ठरावीक वेळाने काही नग उचलतो, मायक्रोमीटरने मोजतो आणि तक्त्यावर ठिपका देतो. खुद्द मायक्रोमीटरचीही ठरावीक मुदतीने पडताळणी होते. या तक्त्याची कल्पना वॉल्टर शूहार्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२४ साली मांडली. १९४७-४८ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट भारतातही येऊन गेले होते.

माझ्या परिचयाच्या एक बाई अशाच एका वर्कशॉपात पॅकिंगचे काम करतात. वय चव्वेचाळीस. लहानपणी आलेल्या ऱ्हुमॅटिक तापाने त्यांच्या हृदयाची द्विदल झडप अरुंद झाली आणि आता हृदयाचा ठोकाही अनियमित पडतो. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून त्या रोज एक गोळी घेतात आणि त्या गोळीसाठी त्यांना दर महिन्याला रक्त तपासायला सांगितलेले आहे. एका संध्याकाळी त्या आपली फाईल घेऊन आल्या. "मॅडम, माझं ठीक चाललंय ना, एवढंच सांगा," असे त्यांनी विचारले.

मी फाईल चाळली. चौदा महिन्यांत सहा तपासण्या, त्याही तीन निरनिराळ्या प्रयोगशाळांतल्या. दोन कागदांवर फक्त सेकंद लिहिलेले. त्यांच्या वर्कशॉपातल्या दांड्याबद्दल विचारले असते तर तक्ता पाहून उत्तर देता आले असते. त्यांच्या स्वतःच्या उपचाराबद्दल देता येईना.

हृदयाच्या ठोक्याच्या विकारांवर चाललेला उपचार चांगला आहे की नाही, हे ठरवण्यासाठी वैद्यकशास्त्राने काही आकडे तयार केले आहेत. त्यांतल्या सर्वांत प्रचलित आकड्याची ही समीक्षा आहे. पुस्तकाची समीक्षा करतात, नाटकाची करतात, तशी आकड्याचीही करायला हरकत नाही. आकडाही कोणीतरी, काही हेतूने, काही गोष्टी घेऊन आणि काही वगळून रचलेला असतो.

विकार आणि गोळी

हृदयाचे वरचे दोन कप्पे म्हणजे अलिंदे आणि खालचे दोन म्हणजे निलये, हे आपण शाळेत शिकवतो. निरोगी हृदयात उजव्या अलिंदातल्या एका ठिकाणाहून विद्युत लहर निघते, अलिंदे आकुंचन पावतात आणि पाठोपाठ निलये. 'एट्रियल फिब्रिलेशन' या विकारात ही शिस्त मोडते. अलिंदांत एकाच वेळी अनेक लहरी भटकू लागतात. अलिंदे आकुंचन पावण्याऐवजी नुसती थरथरतात. नाडीवर बोट ठेवले तर ठोके कधी जवळ, कधी लांब लागतात आणि त्यांत कोणताच क्रम सापडत नाही.

थरथरणाऱ्या अलिंदात रक्त साचते. साचलेल्या रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती प्रवाहाबरोबर मेंदूत जाऊन अडकली तर पक्षाघात होतो. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावात वर्षानुवर्षे चाललेल्या पाहणीतून १९७८ साली असे दिसले, की या विकाराने पक्षाघाताचा धोका पाच पटींहून अधिक वाढतो. सोबत ऱ्हुमॅटिक तापाने बिघडलेली झडप असेल तर तो सतरा पटींहून अधिक होतो.

यावर वॉर्फरिन किंवा त्याच जातीचे असेनोकौमारॉल हे औषध देतात. लोक त्याला 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणतात. वास्तविक रक्त पातळ होत नाही. रक्त गोठवणारी काही प्रथिने यकृतात तयार होताना 'के' जीवनसत्त्व लागते. त्याच्या कामात ही गोळी अडथळा आणते आणि रक्त गोठायला वेळ लागतो. हा वेळ फार कमी वाढला तर गुठळीचा धोका राहतो. फार जास्त वाढला तर मेंदूत किंवा पोटात रक्तस्राव होऊ शकतो. दोन्हींमधली सुरक्षित पट्टी अरुंद आहे. शिवाय पालेभाज्यांत 'के' जीवनसत्त्व भरपूर असते. हिवाळ्यात मेथी-पालक स्वस्त झाला आणि रोज पानात येऊ लागला की गोळीचा परिणाम उतरतो. जुलाबावरच्या किंवा लघवीच्या संसर्गावरच्या काही औषधांनी तो एकदम चढतो. म्हणून वारंवार तपासणी लागते.

थोडक्यात, येथेही दोन मर्यादारेषा आहेत आणि त्यांच्यामध्ये ठिपके राहिले पाहिजेत. पण ठिपके ज्या मोजपट्टीने काढायचे, ती एकसारखी आहे का?

पहिला आक्षेप: मोजपट्टी

रक्त गोठण्याचा वेळ असा मोजतात. रक्तातला द्रव भाग वेगळा काढायचा, त्यात थ्रॉम्बोप्लास्टिन नावाचा पदार्थ आणि कॅल्शियम घालायचे आणि गोठायला किती सेकंद लागतात ते पाहायचे. अडचण अशी, की थ्रॉम्बोप्लास्टिन कशापासून आणि कसे बनवले यावर त्याची संवेदनशीलता अवलंबून असते. एकाच माणसाचे रक्त एका अभिकर्मकाने ३६ सेकंदांत गोठेल आणि दुसऱ्याने २१ सेकंदांत. नुसते सेकंद लिहिणे म्हणजे एकक न सांगता 'लांबी बारा' असे लिहिण्यासारखे आहे.

ही अडचण कागदोपत्री नव्हती. एके काळी अमेरिकेत कमी संवेदनशील अभिकर्मक वापरात होते आणि ब्रिटनमध्ये अधिक संवेदनशील. गोठण्याचा वेळ 'नेहमीच्या दुप्पट' ठेवा, असा सारखाच नियम पाळूनही अमेरिकन रोग्यांना अधिक गोळ्या मिळत आणि त्यांना रक्तस्रावही अधिक होत.

यावर १९८३ साली जागतिक आरोग्य संघटनेने तोडगा स्वीकारला. प्रत्येक अभिकर्मकाची एका आंतरराष्ट्रीय प्रमाणाशी तुलना करून त्याला 'आयएसआय' हा अंक द्यायचा. (आपल्या ओळखीच्या आयएसआय छापाशी त्याचा संबंध नाही.) रोग्याच्या वेळेला निरोगी माणसाच्या वेळेने भागायचे आणि आलेल्या गुणोत्तराचा घातांक म्हणून हा अंक घ्यायचा. उत्तर म्हणजे 'आयएनआर'. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये तो साधारणपणे २ ते ३ यांमध्ये राहावा अशी अपेक्षा असते.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना घातांक माहीत असतात. त्यांना हे गणित जरूर द्यावे. निरोगी वेळ १२ सेकंद, रोग्याचा २४, म्हणजे गुणोत्तर २. अभिकर्मकाचा अंक १ असेल तर आयएनआर २, म्हणजे पट्टीच्या खालच्या टोकाला. अंक १.५ असेल तर सुमारे २.८, म्हणजे पट्टीत. अंक २ असेल तर आयएनआर ४, म्हणजे धोक्याचा. तिन्ही वेळा कागदावर '२४ सेकंद' हेच लिहिलेले असेल! त्या बाईंच्या फाईलमधले सेकंद लिहिलेले दोन कागद म्हणूनच निरुपयोगी होते.

तेव्हा उपचाराचा दर्जा मोजण्याआधी प्रयोगशाळेचा दर्जा मोजावा लागतो. त्याचीही सोय आहे. एकच नमुना अनेक प्रयोगशाळांना पाठवायचा आणि त्यांची उत्तरे ताडून पाहायची. रक्त गोठण्याच्या चाचण्यांसाठी अशी बाह्य पडताळणी आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधून चालवली जाते. अशा पडताळणीत आपली प्रयोगशाळा भाग घेते का, हा प्रश्न रोग्याने विचारण्याजोगा आहे. वर्कशॉपात माल घ्यायला आलेला गिऱ्हाईक मायक्रोमीटरच्या पडताळणीची तारीख विचारतोच.

दुसरा आक्षेप: ठिपक्यांमधली रेघ

समजा, मोजपट्टी बिनचूक आहे. आता त्या प्रचलित आकड्याकडे येऊ. 'एकूण दिवसांपैकी किती टक्के दिवस रोग्याचा आयएनआर सुरक्षित पट्टीत होता' असा तो आहे. याला आपण 'पट्टीतला काळ' म्हणू.

रक्त रोज तपासत नाहीत. मग मधल्या दिवसांचे काय? फ्रिट्स रोझेंडाल आणि त्यांच्या डच सहकाऱ्यांनी १९९३ साली सोपी रीत सुचवली. लागोपाठच्या दोन वाचनांना सरळ रेषेने जोडायचे आणि ती रेषा किती दिवस पट्टीत आहे ते मोजायचे. रीत इतकी सोपी, की जगभर तीच रूढ झाली.

आलेखाच्या कागदावर दोन उदाहरणे करून पाहू. पहिल्या रोग्याचा आयएनआर १ तारखेला १.५ आणि तीस दिवसांनी ३.५ आला. दोन्ही वाचने पट्टीबाहेरची. पण रेषा २ वरून ३ कडे जायला पंधरा दिवस घेते, म्हणून पट्टीतला काळ ५० टक्के! दुसऱ्या रोग्याचा आयएनआर आज २.४ आणि आठ आठवड्यांनी २.६. रेषा पूर्ण पट्टीत, म्हणून १०० टक्के. परंतु मधल्या काळात त्या रोग्याला जुलाब झाले, दहा दिवस दुसरे औषध चालले, आयएनआर ५ वर जाऊन उतरला, तर? रेषेला त्याचा पत्ता नाही. शिक्षकांना हे सहज पटेल. सहामाहीत ४० गुण आणि वार्षिकला ६० गुण मिळवणाऱ्या मुलाला जानेवारीत ५० गुणांचे येत होते, असे आपण म्हणत नाही.

आणखी एक उणीव आहे. पट्टीबाहेरचे ४० टक्के दिवस पट्टीच्या खाली होते की वर, हे हा आकडा सांगत नाही. एकात पक्षाघाताचे भय, दुसऱ्यात रक्तस्रावाचे. वर्कशॉपात जाड झालेला दांडा पुन्हा घासता येतो, बारीक झालेला भंगारात जातो. म्हणून तेथे दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवतात. येथे दोन्ही एकाच टोपलीत पडतात.

या आकड्याच्या बाजूनेही बोलले पाहिजे. तो निरर्थक नाही. वॉर्फरिनची तुलना अ‍ॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेल या जोडीशी करणाऱ्या एका मोठ्या चाचणीचे २००८ साली केंद्रवार विश्लेषण झाले. ज्या केंद्रांत पट्टीतला काळ ६५ टक्क्यांच्या वर होता तेथे वॉर्फरिन स्पष्टपणे सरस ठरले. ज्या केंद्रांत तो कमी होता तेथे ही सरशी दिसलीच नाही. म्हणजे औषध तेच आणि रोगही तोच असून फरक देखरेखीमुळे पडला. एवढी गोष्ट या आकड्याने दाखवून दिली, हे त्याचे मोठेच श्रेय आहे.

तिसरा आक्षेप: पटावरून कमी झालेली नावे

आता माझा मुख्य आक्षेप. समजा, एखाद्या शाळेने शेवटच्या तीन महिन्यांत गैरहजर राहिलेल्या मुलांची नावे पटावरून काढली आणि उरलेल्यांचा निकाल ९५ टक्के लागला असे जाहीर केले. आपण तो निकाल मानू का?

पट्टीतला काळ काढताना नेमके हेच होते. दोन वाचनांत फार अंतर असेल, तर मधल्या रेषेवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून अनेक अभ्यासांत आठ आठवड्यांहून मोठी अंतरे हिशेबातून गाळतात. गणिताच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. पण तपासणीला चार महिने न येणारा रोगी कोण असतो? ज्याची रोजंदारी बुडते तो. ज्याच्या घरी आजारी सासू आहे ती. गोळी संपली आणि पुन्हा आणली नाही तो. कधीकधी, जो घरीच वारला तो. ज्यांचा उपचार सर्वांत वाईट चालला आहे नेमकी तीच माणसे छेदातून बाहेर पडतात आणि उरलेल्यांची टक्केवारी वर जाते. त्या बाईंच्या चौदा महिन्यांपैकी मोठा काळ असाच गळला असता.

मोठ्या पाहण्या वाचतानाही हे लक्षात ठेवावे लागते. ४६ देशांतल्या १५ हजारांहून अधिक रोग्यांची एक नोंदवही २०१४ साली प्रसिद्ध झाली. तीत पट्टीतला काळ पश्चिम युरोपात सरासरी ६२.४ टक्के, उत्तर अमेरिकेत ५०.९ टक्के, तर भारत, चीन, आग्नेय आशिया आणि आफ्रिका येथे ३२ ते ४० टक्क्यांच्या दरम्यान होता. म्हणजे गोळी घेणारा आपला रोगी तीन दिवसांपैकी जेमतेम एक दिवस सुरक्षित पट्टीत. आणि हा हिशेब ज्यांची वाचने उपलब्ध होती त्यांचा. ज्यांची नव्हती त्यांचे चित्र याहून बरे असेल, असे मानायला काही आधार नाही.

भारतातील हृदयताल-तज्ज्ञांच्या संघटनेनेही अशी नोंदवही केली. २०११-१२ मध्ये २४ केंद्रांतून १५३७ रोगी नोंदले गेले आणि निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. सरासरी वय ५४.७ वर्षे. पाश्चात्त्य देशांत हा विकार मुख्यतः सत्तरीच्या आसपास आढळतो, हे पाहता आपले रोगी किती तरुण आहेत हे ध्यानात येईल. ४७.६ टक्के रोग्यांना ऱ्हुमॅटिक झडपेचा विकार होता. वर्षभरात ६.५ टक्के रोगी दगावले आणि १ टक्का रोग्यांना पक्षाघात झाला.

ही नोंदवही मोलाची आहे, कारण भारतातला हा विकार पाश्चात्त्यांहून वेगळा आहे हे तिने आकड्यांनी दाखवले. पण तिच्यात तीच माणसे आली जी तज्ज्ञाच्या दारापर्यंत पोहोचली. आणि शेवटचे दोन आकडे शेजारी ठेवले की एक शंका येतेच. पक्षाघात एक टक्का आणि मृत्यू साडेसहा टक्के. पक्षाघात कळायला रोगी जिवंत परत यावा लागतो किंवा कोणीतरी नीट कारण सांगावे लागते. 'झोपेतच गेले' एवढेच घरच्यांनी सांगितले तर तो मृत्यू कोणत्या रकान्यात धरायचा? कोणत्याही नोंदवहीला हा प्रश्न विचारला पाहिजे.

चौथा आक्षेप: आकडा सुधारला, पुढे काय?

एखादा आकडा एकदा दर्जाचे माप ठरला की सगळे त्यालाच सुधारू लागतात. हृदयाच्या ठोक्याच्या विकारांत याचे एक भयंकर उदाहरण घडून गेले आहे.

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांच्या निलयांतून काही वेळा अवेळी, जादा ठोके निघतात. असे ठोके असणारे रोगी अधिक प्रमाणात अचानक दगावतात, हे माहीत होते. एन्केनाइड, फ्लेकेनाइड अशी औषधे दिली की हे ठोके दबतात, हेही माहीत होते. तेव्हा ठोके दबले म्हणजे उपचार चांगला, असा हिशेब रूढ झाला. हृदयाचा विद्युत आलेख सुधारलेला दिसे आणि डॉक्टर व रोगी दोघांचेही समाधान होई.

मग अमेरिकेत 'कास्ट' नावाची चाचणी घेण्यात आली. या औषधांनी ज्यांचे जादा ठोके खरोखर दबतात असेच रोगी तीत निवडले होते. म्हणजे रूढ मापाप्रमाणे हे सगळे 'उत्तीर्ण'. त्यांपैकी निम्म्यांना औषध चालू ठेवले आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या दिल्या. १९८९ मध्ये चाचणीचा हा भाग मुदतीआधी थांबवावा लागला. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या हिशेबाप्रमाणे सरासरी दहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ मरण पावले आणि निष्क्रिय गोळ्या घेणाऱ्या ७४३ जणांपैकी २६. आलेख सुधारत होता आणि माणसे मरत होती.

पट्टीतल्या काळाची गोष्ट इतकी वाईट नाही. तो वाढला की पक्षाघात कमी होतात, याला पुरावा आहे. तरीही तो साधन आहे, साध्य नव्हे. रोग्याला पट्टीत राहायचे नसते, जगायचे असते आणि हातापायांनी धड राहून कामावर जायचे असते.

शूहार्टच्या तक्त्याची येथे आणखी एक शिकवण आहे. प्रत्येक ठिपक्याला घाबरून मशीन फिरवू नका, असे तो सांगतो. थोडे चढउतार निसर्गतः होणारच. दर वेळी सेटिंग बदलले तर चढउतार उलट वाढतात. आयएनआर ३.१ आला की गोळी अर्धी करायची, १.९ आला की दीडपट, असे केले तर आकडा झोक्यासारखा हलत राहतो. एकच वाचन पट्टीच्या किंचित बाहेर असेल तर मात्रा तीच ठेवून आठवड्या-दोन आठवड्यांत पुन्हा तपासावे, असे वैद्यकीय मार्गदर्शनही सांगते. (हा निर्णय डॉक्टरांचा. वाचकांनी किंवा त्यांच्या नातलगांनी मात्रा आपणहून बदलू नये.)

नव्या गोळ्या आल्या, मग हे कशाला?

असे कोणी म्हणेल. रिव्हारोक्सबॅनसारख्या नव्या औषधांना आयएनआर तपासावा लागत नाही आणि झडप चांगली असलेल्या रोग्यांसाठी ती सोयीची ठरली आहेत. मात्र ऱ्हुमॅटिक झडप असणाऱ्यांत त्यांची कसोटी २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या 'इन्व्हिक्टस' या चाचणीत लागली. तीत २४ देशांतील साडेचार हजारांहून अधिक रोगी होते आणि भारतीय संशोधकांचा मोठा वाटा होता. रिव्हारोक्सबॅन घेणाऱ्या २२७५ जणांपैकी ५५२ दगावले आणि जुन्या, तपासणी लागणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या २२५६ जणांपैकी ४४२. जुन्या गोळ्याच सरस ठरल्या. हा फरक मुख्यतः अचानक मृत्यू आणि हृदय निकामी होऊन आलेले मृत्यू यांत होता. त्याचे कारण पुरते उलगडलेले नाही. पण जवळजवळ निम्म्या भारतीय रोग्यांची झडप ऱ्हुमॅटिक आहे हे लक्षात घेता, तपासणीचा प्रश्न आपल्याकडे अजून कितीतरी वर्षे राहणार आहे.

याच चाचणीतला दुसरा आकडा मला अधिक बोलका वाटतो. जुन्या गोळ्यांच्या गटात सुरुवातीला फक्त ३३.२ टक्के रोग्यांचा आयएनआर पट्टीत होता. नियमित बोलावणे आणि तपासणे सुरू झाल्यावर पुढच्या भेटींत हे प्रमाण ५६ ते ६५ टक्क्यांवर गेले. रोगी त्याच गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. 'आपले लोक निष्काळजी आहेत, तपासणीला येत नाहीत' असे जे सर्रास म्हटले जाते त्याला हे उत्तर आहे. व्यवस्थेने पाठपुरावा केला की लोक येतात.

मग काय मोजावे?

माझ्या मते उपचाराच्या वहीत चार गोष्टी असाव्यात. पहिली, छेद पक्का करा. गेल्या वर्षी ज्यांनी ज्यांनी गोळी सुरू केली ते सगळे छेदात धरावेत, आज हजर असलेले तेवढेच नव्हे. दुसरी, अंशात शेवटचा परिणाम धरा. त्यांपैकी किती जण आज जिवंत आहेत, पक्षाघात किंवा मोठा रक्तस्राव न होता? तिसरी, 'माहीत नाही' असा स्वतंत्र रकाना ठेवा आणि तो आकडा लपवू नका. त्या रकान्यातल्या प्रत्येक नावाला फोन करणे हे एका परिचारिकेचे ठरलेले काम असावे. चौथी, पट्टीतला काळ जरूर काढा, पण पट्टीखालचे आणि पट्टीवरचे दिवस वेगळे दाखवा आणि वाचन कोणत्या प्रयोगशाळेचे ते सोबत लिहा. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. आखीव वही आणि ती रोज भरणारा माणूस लागतो.

शाळेचा भाग

हा लेख शिक्षकांसाठी का, याचे उत्तर आता देते. त्या बाईंचा विकार चव्वेचाळिसाव्या वर्षी सुरू झालेला नाही. तो बहुधा शाळेच्या वयात, घसा दुखण्यापासून सुरू झाला. स्ट्रेप्टोकोकस जीवाणूंनी घसा सुजतो. पाच ते पंधरा वर्षांच्या काही मुलांत दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, सांधे सुजतात, आज गुडघा तर उद्या घोटा असे दुखणे फिरते. सांधे बरे होतात, पण झडपेवर व्रण राहू शकतो. घसा दुखतानाच पेनिसिलिन मिळाले तर हा ताप टळतो. एकदा येऊन गेलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन अनेक वर्षे दिले तर तो पुन्हा उलटत नाही आणि झडप वाचण्याची शक्यता वाढते.

पेनिसिलिन बनवण्यासाठी १९५४ साली भोसरीच्या शेजारी, पिंपरीत, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातला आपला पहिला औषध कारखाना स्थापन झाला. औषध शेजारी बनू लागले म्हणून ते प्रत्येक मुलाला वेळेवर मिळते असे नाही. कारखान्याचे उत्पादन टनांत मोजले जाते. कोणत्या मुलाचे इंजेक्शन चुकले, हे मोजायला वेगळी वही लागते. ती वही वर्गशिक्षकाच्या हजेरीपटाइतकी साधी असू शकते. तापानंतर सांधे दुखतात म्हणून वारंवार गैरहजर राहणारे मूल शिक्षकाच्या नजरेत आधी येते, डॉक्टरांच्या नंतर. अशा मुलाला सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यात दाखवा असे पालकांना आग्रहाने सांगणे, हे पुढच्या तीस वर्षांच्या गोळ्या वाचवणारे काम आहे.

वर्गात करण्याजोगा एक प्रयोग सुचवते. विद्यार्थ्यांनी परस्परांची नाडी रोज एकाच वेळी, पूर्ण मिनिटभर मोजून महिनाभर आलेख काढावा. मग त्यातले निम्मे ठिपके खोडून उरलेले सरळ रेषेने जोडावेत आणि मूळ आलेखाशी ताडून पाहावेत. त्यानंतर गैरहजर मुलांचे दिवस वगळून आणि न वगळता, अशी वर्गाची सरासरी दोनदा काढावी. सरासरी म्हणजे काय हे पाठ्यपुस्तकात असतेच. ती कोणाला वगळून काढली आहे, हा प्रश्न विचारायची सवय मात्र अशा प्रयोगातूनच लागेल.

त्या बाईंना मी इतकेच सांगू शकले, की ठीक चालले आहे की नाही ते या फाईलवरून कळत नाही आणि यात त्यांचा दोष नाही. एकच प्रयोगशाळा धरावी, आयएनआर लिहूनच मागावा, तारीख आणि आकडा एका वहीत उतरवावा आणि ती वही दर खेपेला डॉक्टरांपुढे ठेवावी, असे आम्ही ठरवले. त्यांनी वर्कशॉपातून एक कोरा तक्ता आणला. मधल्या रेघेला २.५ लिहिले, खाली २, वर ३. पहिला ठिपका त्यांनी स्वतः दिला. तो २.२ वर आहे. एका ठिपक्यावरून काही म्हणता येत नाही, हे आता त्यांनाही ठाऊक आहे. पुढच्या तपासणीची तारीख त्यांनी तक्त्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवली आहे.